उजेडाचे कौल आणि ऊर्जेचा कायदा

(स्मृती व्याख्यानमालेत गणपतीपुळे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



पुळ्याचा स्वयंभू गणपती ही पश्चिमद्वारदेवता. देवाचे तोंड समुद्राकडे आणि येथे उतरणाऱ्या पाहुण्यालाही खोली हवी असते ती समुद्राकडे तोंड करणारीच. मालगुंडपासून भंडारपुळ्यापर्यंत आणि पुढे आरे-वारेच्या चढावापर्यंत गेल्या काही वर्षांत जी बांधकामे उभी राहिली, त्यांची पश्चिमेची भिंत पाहिली की ही मागणी लगेच कळते. जेथे पूर्वी हातभर रुंदीची गजांची खिडकी आणि तिच्यापुढे पडवी असे, तेथे आता छतापासून जमिनीपर्यंत काच आहे. जिन्यावर काचेचा घुमट आहे, स्वागतकक्षावर पारदर्शक पत्रा आहे. उजेड भरपूर आणि दृश्यही अप्रतिम. दुपारी तीननंतर मात्र त्या खोलीत वातानुकूलन यंत्राशिवाय बसता येत नाही.

आजचा विषय या काचेचा आहे. घराच्या छताला आणि भिंतीला पाडलेल्या, नेहमीच्या चौकटीत न बसणाऱ्या उघड्यांचा : काचेचे कौल, झरोका, छतातली खिडकी, रंगीत तावदान, शिंपल्यांची झडप. ऊर्जेच्या कायद्याने यांना काय मागावे, कशातून सूट द्यावी आणि सूट दिली तरी त्यांच्यावर कोणती माहिती लिहिलेली असावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण वीज कोठे तयार होते हे पाहायला गणपतीपुळेकरांना लांब जावे लागत नाही. उत्तरेला जयगडला आयात कोळशावर चालणारे, प्रत्येकी ३०० मेगावॉटच्या चार संचांचे केंद्र २०१०-११ पासून उभे आहे. त्याच्याही पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला दाभोळचा वायुप्रकल्प आहे. चुकीच्या काचेतून खोलीत आलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी लागणारी वीज अशाच केंद्रांतून येते.

आधी सर्वांत लहान उघडीकडे पाहू. कौलारू घराच्या माजघरात किंवा स्वयंपाकघरात, चार-दोन मातीची कौले काढून त्या जागी काचेची बसवलेली असतात. बासेल मिशनने १८६०च्या दशकात मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून किनाऱ्यावर हे मंगळुरी कौल रुजले. काचेच्या कौलाला तीच खाच आणि तोच नाकाचा आधार असतो, म्हणून ते त्याच रिपेवर बसते. वेगळी चौकट नाही, सिलिकॉन नाही. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात, म्हणजे एका कौलाची उघडी जागा एका चौरस मीटरचा पंधरावा हिस्सा.

आता हिशेब करू. गणपतीपुळे साधारण १७ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या ८-९ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर असतो. मेमधल्या निरभ्र दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ९०० वॉटच्या आसपास ऊर्जा पडते. साधी एकेरी काच त्यातला सुमारे ८२ टक्के भाग उष्णतेच्या रूपाने आत सोडते. एका कौलाच्या वाट्याला येतात जेमतेम ५० वॉट. त्याच वेळी उजेड येतो पाच हजार ल्युमेनच्या घरात, म्हणजे नऊ वॉटचे पाच एलईडी दिवे देतील तेवढा. पावसाळ्यात आभाळ भरून आलेले असताना हा आकडा पाचशेवर, कधी त्याहूनही खाली उतरतो. कौलावर शेवाळ धरले तर आणखी कमी. तरीही जुलैमध्ये, ज्या घराच्या सगळ्या झडपा पावसाच्या झडीमुळे बंद असतात, त्या घराच्या चुलीपाशी भर दुपारी दिवा न लावता तांदूळ निवडता येतात ते या पाचशे ल्युमेनमुळे.

चार कौलांनी घर तापत नाही. आत आलेली थोडी उष्णता कौलांच्या फटींतून वर निघून जाते. पण हेच चाळीस कौलांचे करा, खाली लाकडी छत ठोकून फटी बंद करा आणि खोलीत वातानुकूलन यंत्र लावा. दोन किलोवॉट उष्णता आत येईल आणि ती बाहेर फेकण्याचे काम यंत्राच्या गळ्यात पडेल. वस्तू तीच, काचही तीच. आकार आणि जागा बदलली की तिचा गुण अवगुण होतो. कायद्याने सूट कोठे द्यावी आणि कोठे थांबावे, या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

भारतात या प्रश्नाला कायद्याची चौकट मिळाली ती ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ मुळे. त्या कायद्याखाली २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई, स्थापन झाली. शीतकपाटावर आणि वातानुकूलन यंत्रावर दिसणारे ताऱ्यांचे लेबल तिनेच २००६ मध्ये आणले. मे २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली, जून २०१७ मध्ये ती सुधारली. घरांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये इको-निवास संहितेचा पहिला भाग निघाला; तो मुख्यतः भिंती, छप्पर आणि खिडक्या यांबद्दल आहे. २०२२ च्या दुरुस्तीने मूळ कायद्याची व्याप्ती वाढली आणि ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर संहितांच्या नव्या आवृत्त्याही आल्या. येथे दिलेले आकडे २०१७ आणि २०१८ च्या संहितांतले आहेत. या संहिता दिल्लीत तयार होतात, पण राज्याने आणि स्थानिक यंत्रणेने आपल्या नियमावलीत घेतल्याशिवाय त्या इमारतीपर्यंत पोहोचत नाहीत.

संहितेने देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत. रत्नागिरी जिल्हा उष्ण-दमट विभागात मोडतो. खिडकीला संहिता तीन गोष्टी विचारते. पहिली यू-मूल्य : आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून किती उष्णता वाहते. दुसरी सौर उष्णता गुणांक : पडलेल्या उन्हातला किती भाग उष्णता म्हणून आत येतो. तिसरी दृश्य प्रकाश पारगमन : डोळ्यांना दिसणारा उजेड किती आत येतो. साध्या एकेरी काचेचा सौर उष्णता गुणांक २०१७ च्या संहितेच्या परिशिष्टात ०.८२ आणि प्रकाश पारगमन ०.७६ धरले आहे.

यांपैकी कोकणात महत्त्वाचे काय, हे इको-निवास संहितेच्या सूत्रातूनच दिसते. भिंतींतून आणि खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेचे माप काढताना उष्ण-दमट विभागात काचेच्या यू-मूल्याला १.३१ ने गुणायचे आहे आणि सौर उष्णता गुणांकाला ६५.२१ ने. एकेरी काचेचे यू-मूल्य ५.८ धरले, तर पहिला गुणाकार येतो ७.६ आणि दुसरा ५३.५. दुहेरी काच बसवून यू-मूल्य नुसते ३ वर आणले, तर वाचतात पावणेचार. गुणांक ०.८२ वरून ०.२७ वर आणला, तर वाचतात जवळजवळ छत्तीस. किनाऱ्यावर दिवसा आणि रात्री, आत आणि बाहेर तापमानात फार फरक नसतो, म्हणून थंड देशांत जी दुहेरी काच हिवाळ्याचे इंधन वाचवते तिचा येथे थोडाच उपयोग. येथे लढाई उन्हाशी आहे.

आणि ऊन अडवायला काच बदलावीच लागते असे नाही. काचेच्या बाहेर सावली असेल, तर संहिता सौर उष्णता गुणांक तेवढा कमी धरू देते. त्यासाठी सावली देणाऱ्या भागाची खोली भागिले खिडकीच्या तळापासून त्या सावलीपर्यंतची उंची, असे प्रमाण काढतात. दीड मीटर पुढे आलेली पडवी आणि तळापासून दीड मीटर उंचीवर पागोळी, म्हणजे प्रमाण एक. कोकणातल्या जुन्या घराचे छप्पर पश्चिमेला इतके खाली उतरलेले असते की आत शिरताना वाकावे लागते. ते पावसासाठी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. चार वाजताचे तिरपे ऊनही त्यानेच अडते. पश्चिमेला सावली नसेल, तर दंड मोठा आहे. इको-निवास संहितेत आपल्या अक्षांशांसाठी उत्तरेच्या भिंतीचा दिशागुणक ०.६६ च्या आसपास आहे आणि पश्चिमेचा १.१६ च्या आसपास. समुद्राकडची काच उत्तरेकडच्या तेवढ्याच काचेपेक्षा पाऊणपट जास्त जड भरते.

आता सवलती. २०१७ च्या संहितेत छतातल्या खिडक्यांवर दोन बंधने आहेत. त्यांचे एकूण क्षेत्र छताच्या पाच टक्क्यांहून जास्त नको, आणि त्यांचे यू-मूल्य ४.२५ पेक्षा, सौर उष्णता गुणांक ०.३५ पेक्षा जास्त नको. दोनशे चौरस मीटरच्या सभागृहाला दहा चौरस मीटर काच. मेच्या दुपारी साध्या काचेतून या दहा चौरस मीटरांतून ७.४ किलोवॉट उष्णता येईल, म्हणजे दोन टनांच्या यंत्राच्या क्षमतेपेक्षा किंचित जास्त, ०.३५ च्या काचेतून येईल ३.१५, एका टनाच्या आत. या नियमाला एक अपवाद आहे. तात्पुरत्या छपरांतल्या आणि वातानुकूलित नसलेल्या जागेवरच्या मांडवांतल्या काचेला ही मर्यादा लागू नाही. अंगणातल्या फायबरच्या पत्र्याला कायदा हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे.

दुसरी सवलत अधिक विचारपूर्वक दिलेली आहे. जमिनीपासून २.२ मीटरपेक्षा वर सुरू होणारी खिडकी, जुन्या बोलीतला झरोका, सौर उष्णता गुणांकाच्या अटीतून सुटू शकते. पण दोन अटींवर. त्या बाजूच्या काचेचे एकूण प्रभावी क्षेत्र एका मर्यादेत हवे, आणि झरोक्याच्या तळाशी आत प्रकाशफळी हवी, म्हणजे पडलेला उजेड छताकडे उसळून खोलीत खोल जाईल. ही सूट वस्तूच्या नावाला दिलेली नाही. झरोका जे काम करतो, उजेड आत खोलवर नेतो, त्या कामाला ती दिलेली आहे. काम होत असल्याची खूण म्हणजे ती फळी.

आणखी एक बारकावा. उत्तरेच्या खिडकीला संहिता १५ अंश अक्षांशाच्या उत्तरेला सौर उष्णता गुणांक ०.५० पर्यंत चालवून घेते. त्या रेषेच्या दक्षिणेला मात्र इतर दिशांप्रमाणे ०.२७. ही रेषा गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोणजवळून जाते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिच्या उत्तरेला, म्हणून येथे उत्तरेचा उजेड मोकळा मिळतो. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य माध्यान्ही उत्तरेकडून येतो खरा, पण त्यातले दोन महिने आभाळ भरलेले असते.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न कसा हाताळला? अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संवर्धन संहितेत दर घरामागे १५ चौरस फूट, म्हणजे सुमारे १.४ चौरस मीटर, काचेला यू-मूल्य आणि सौर उष्णता गुणांक या अटींतून सरसकट सूट घेता येते. दारावरचे रंगीत अर्धवर्तुळ, न्हाणीघराची नक्षीची काच, आजोबांच्या वेळची एखादी जुनी खिडकी त्यात बसते. कॅलिफोर्नियाने वेगळा मार्ग धरला. नव्या घरात छतातून उजेड आणणाऱ्या नळीला तीन चौरस फुटांपर्यंत सूट आहे, पण तिच्या खालच्या टोकाला दुहेरी काच हवी. सोळा चौरस फुटांपर्यंतच्या छतखिडकीलाही सवलत आहे, पण तिचेही यू-मूल्य आणि सौर उष्णता गुणांक ठरवून दिलेले आहेत. तीन चौरस फूट म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण चार कौले.

अमेरिकेत हे जमले, कारण मोजमाप आधी उभे राहिले. १९८९ मध्ये तेथे राष्ट्रीय खिडकी मानांकन परिषद स्थापन झाली आणि खिडकीवर छापील लेबल येऊ लागले : यू-मूल्य, सौर उष्णता गुणांक, प्रकाश पारगमन. जी खिडकी कारखान्यात तयार न होता जागेवर जोडली जाते, तिच्यासाठी काच, चौकट आणि मधल्या पट्टीचे गुण वेगवेगळे मोजून संगणकाने एकत्र हिशेब करण्याची आणि त्यावर प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. सूट द्यायची ती मोजून दिली, हा त्या व्यवस्थेचा कणा.

आपल्याकडे संहितेने लेबल मागितले आहे, हे अनेकांना माहीत नसते. २०१७ च्या पाठात स्पष्ट म्हटले आहे की, खिडकीचे गुण काचेचे नव्हे, चौकटीसकट संपूर्ण खिडकीचे, आयएसओ १५०९९ या मानकाप्रमाणे, मान्यताप्राप्त स्वतंत्र प्रयोगशाळेकडून काढलेले असावेत आणि उत्पादकाने त्यावर लेबल लावावे किंवा प्रमाणपत्र द्यावे. छतातल्या खिडकीचे यू-मूल्य वीस अंशांच्या उतारावर मोजायचे, हेही लिहिले आहे. खिडकीतून हवा किती गळावी, याचीही मर्यादा आहे : दर चौरस मीटरला सेकंदाला दोन लिटर. ज्या खिडकीला मानांकन नाही, तिच्यासाठी परिशिष्टात ठरावीक आकडे दिलेले आहेत. एकेरी काचेची कोणतीही चौकट असो, यू-मूल्य ७.१ धरा.

ही शेवटची ओळ कोकणातल्या कारागिरावर अन्याय करते. जाकादेवीच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या कारखान्यात जाऊन पाहावे. बारा फुटी ॲल्युमिनियम सेक्शन भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. मिस्त्री गाळ्याचे माप टेपने घेऊन येतो, सेक्शन कापतो, ट्रॅक बसवतो, रबर गॅस्केट दाबतो, काच सरकवतो, रोलर फिरतो की नाही पाहतो आणि संध्याकाळपर्यंत दोन खिडक्या टेम्पोत चढवतो. शेजारीच सुतार सागाच्या चौकटीत बिजागरीची झडप बसवत असतो. सागाची चौकट ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता कितीतरी कमी वाहते. पण दोघांच्याही खिडकीवर लेबल नाही, म्हणून परिशिष्टापुढे दोघे सारखेच. चांगल्या कामाची नोंद करायला कागदावर जागाच नाही. काच-कंपनीच्या माहितीपत्रकात आकडे असतात, पण ते काचेच्या मधल्या भागाचे. चौकटीचे, सांध्यांचे, गळतीचे नसतात.

दमट हवेत आणखी एक गुण लेबलवर हवा, तो म्हणजे उघडण्याचा. राष्ट्रीय इमारत संहिता पूर्वीपासून सांगत आली की दमट-उष्ण हवामानात खिडक्यांची उघडी जागा जमिनीच्या क्षेत्राच्या सहाव्या हिश्श्याइतकी असावी. इको-निवास संहितेने तोच आकडा, १६.६६ टक्के, घेतला आहे. थंड प्रदेशात तो ८.३३ पुरतो. साठ चौरस मीटरच्या घराला दहा चौरस मीटर उघडणारी जागा लागते. बिजागरीच्या झडपेची ९० टक्के जागा उघडी धरतात, दोन पाखांच्या सरकत्या खिडकीची फक्त ५० टक्के. म्हणजे झडपांची खिडकी असेल तर अकरा चौरस मीटर काच पुरते, सरकती असेल तर वीस लागते. वीस चौरस मीटर काच म्हणजे ऊनही जवळपास दुप्पट. सरकत्या खिडकीने समुद्राचा देखावा मिळतो, पण खारा वारा निम्माच मिळतो आणि पुढे यंत्र लावावे लागते. ग्राहकाला हे दुकानात कोणी सांगत नाही.

लेबलवरच्या दोन आकड्यांतून तिसरी गोष्ट आपोआप निघते. सूर्याच्या एक वॉट ऊर्जेत साधारण ११० ल्युमेन उजेड असतो. साध्या काचेतून येणाऱ्या प्रत्येक वॉट उष्णतेमागे उजेड सुमारे शंभर ल्युमेन, जवळपास चांगल्या एलईडी दिव्याइतकाच. पण ज्या काचेचे प्रकाश पारगमन ०.५० आणि सौर उष्णता गुणांक ०.२७ आहे, ती वॉटमागे दोनशेच्या जवळ ल्युमेन देते. अशी काच बाजारात मिळते. गडद काळी किंवा निळी काच मात्र अनेकदा उलटे करते : उजेड अडवते, स्वतः तापते आणि ती उष्णता आत फेकते. किनाऱ्यावर काळ्या काचांची खोली दुपारी अंधारी आणि गरम दोन्ही असते, ती यामुळे. ज्याच्या हाती दोन आकडे आहेत, त्याला ही फसगत टाळता येते.

सूट खरोखर ज्यांच्यासाठी हवी, त्या वास्तू रत्नागिरीच्या आसपासच आहेत. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये उभा राहिला आणि १९१६ मध्ये राजाने येथेच देह ठेवला. त्या राजवाड्याच्या कोरीव लाकडी अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि रंगीत काचा पाहायला लोक आजही येतात. मुंबईत १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरच्या रंगीत काचचित्रांचा जीर्णोद्धार गेल्या दशकात झाला. या काचा काढून तेथे ०.२७ ची नवी काच बसवा, असे कोणताही शहाणा नियम सांगणार नाही. गोव्यातल्या जुन्या घरांत तर काच नाहीच. पापुद्र्यासारख्या पातळ, चपट्या शिंपल्याच्या चकत्या लाकडी पट्ट्यांत बसवून झडपा केलेल्या असतात. ऊन त्यातून दुधाळ होऊन येते, डोळ्यांवर चमक येत नाही आणि झडप पूर्ण उघडते. हा शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे नव्या झडपा करता येत नाहीत. ज्या आहेत त्या जपायच्या आहेत. या झडपांचे सौर गुणांक कोणत्याही परिशिष्टात नाहीत. प्रयोगशाळेत एक जुनी झडप ठेवून ते मोजले, तर जीर्णोद्धार करणाऱ्या वास्तुतज्ज्ञाला उरलेल्या इमारतीचा हिशेब तरी करता येईल. सूट म्हणजे अज्ञान असायचे कारण नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. कोकणातला छोटा माणूस आधीच परवानग्यांनी बेजार आहे. किनारी नियमन क्षेत्र, बिनशेती, ग्रामपंचायत, नगररचना. त्यात खिडकीला लेबल कशाला? शिवाय बहुतेक छोटी बांधकामे कायद्याच्या बाहेरच राहतात. व्यापारी इमारतीला संहिता लागते ती १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीपासून. आठ खोल्यांचे न्याहारी-निवास घ्या : दीड टनाची आठ यंत्रे मिळून १४ किलोवॉट, आठ गिझर १६, बाकी दिवे-पंखे-पंप. चाळिशीतच संपते. घरांची संहिता ५०० चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांच्या भूखंडापासून सुरू होते, पण पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या घर म्हणून मोजल्या जात नाहीत. या दोन उंबरठ्यांच्या मध्ये किनाऱ्यावरची बहुतेक नवी काच बसते.

त्या काचेवर आणखी एक परवानगी लादणे हा उपाय नव्हे. लेबल मात्र परवानगीपेक्षा वेगळे आहे. ते मालकाच्या बाजूचे आहे. ताऱ्यांच्या लेबलने कोणाला शीतकपाट घ्यायला बंदी केली नाही. विजेचे बिल कोण वाढवणार, हे दुकानातच कळू लागले. समुद्राकडे तोंड केलेल्या बारा चौरस मीटर काचेवर ०.८२ लिहिलेले दिसले, तर पडवी काढून टाकायचा विचार मालक स्वतःच पुन्हा करील. बिल शेवटी त्यालाच भरायचे आहे, आणि तेही ऐन मेच्या हंगामात.

म्हणून मागणी ही आहे, आणि ती नेमकी आहे. दर घरामागे चार मंगळुरी कौलांएवढी, म्हणजे पाव चौरस मीटरच्या आसपासची छतातली काच कोणत्याही अटीशिवाय मोकळी असावी. त्यापेक्षा मोठ्या, पण दीड चौरस मीटरच्या आतल्या खास खिडकीला मर्यादेतून सूट असावी, पण आकडे लिहिण्यातून नसावी. त्यावरची काच, मग ती घुमट असो, पिरॅमिड असो किंवा स्वागतकक्षावरचा पारदर्शक पत्रा, संहितेच्या ०.३५ च्या आत आणि पाच टक्क्यांच्या आत असावी. मांडवाचा अपवाद वातानुकूलित जागेला मिळू नये. वारसावास्तूंतल्या रंगीत काचा आणि शिंपल्यांच्या झडपा जशा आहेत तशा राहाव्यात, पण त्यांचे गुण एकदा मोजून जाहीर व्हावेत. आणि सरकत्या खिडकीच्या लेबलवर चौथा आकडा असावा : ती उघडते किती.

मोजायचे कोणी? प्रत्येक मिस्त्रीने आपली खिडकी प्रयोगशाळेत पाठवावी, हे अशक्य आहे. पण कोकणात बसणाऱ्या खिडक्यांचे प्रकार मोजके आहेत. दोन पाखांची सरकती ॲल्युमिनियमची, तीन पाखांची, सागाची बिजागरीची, वर झरोका असलेली, काचेचे कौल, फायबरचा पत्रा, छतातला सपाट काचेचा चौकोन. अशा दहा-बारा नमुन्यांचे, तीन-चार प्रकारच्या काचांसह, एकदा मानकाप्रमाणे मापन झाले, तर परिशिष्टातल्या ७.१ च्या जागी खरे आकडे येतील. सागाच्या सुताराला त्याचे श्रेय मिळेल आणि सरकत्या खिडकीचे पन्नास टक्केही कागदावर येतील. हे नमुने रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्यांनी स्थानिक मिस्त्रींकडून करून घ्यावेत, चाचणीचा खर्च ऊर्जा संवर्धनाच्या निधीतून व्हावा आणि निकाल मराठीत, एका पानाच्या तक्त्यावर छापून प्रत्येक काचेच्या दुकानात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. पहिला तक्ता येत्या पावसाळ्याआधी निघाला, तर तो वेळेत पोहोचेल, कारण बांधकामाची गडबड दिवाळीनंतरच सुरू होते आणि तोपर्यंत काचेची मागणी नोंदवलेली नसते.